दाढेचे बिल आणि आपले कर्तव्य

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





संस्थेच्या कार्यकारिणीने मला बोलावयास सांगितले तेव्हा मी विषय विचारला. उत्तर आले, "मुलांच्या आणि पालकांच्या उपयोगाचे काहीही बोला." शिक्षणाचे महत्त्व या विषयावर या व्यासपीठावरून पुष्कळ भाषणे झाली आहेत आणि ती माझ्यापेक्षा विद्वान माणसांनी केली आहेत. म्हणून मी आज एका दाढेविषयी बोलणार आहे. आपण हसलात, हे चांगले झाले. पण या दाढेने माझ्या घरात दोन महिने कोणाला हसू दिले नव्हते.

मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. माझा जन्म शाळेत गणित शिकविण्यात गेला. सरळव्याज, चक्रवाढव्याज, नफा-तोटा हे सारे मी हजारो मुलांकडून घोटून घेतले. तरीही एका दंतवैद्याने माझ्या हाती बिल दिले तेव्हा मला ते वाचता आले नाही. बेरीज करता आली, पण बिल वाचता आले नाही. बेरीज करणे निराळे आणि बिल वाचणे निराळे, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

गोष्ट २०१६ सालच्या पावसाळ्यातील आहे. माझ्या पत्नीची खालची दाढ दुखू लागली. आपल्याकडे जे प्रथम करतात तेच आम्ही केले. लवंग ठेवली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, मेडिकलच्या दुकानातून दुखणे थांबविण्याच्या गोळ्या आणल्या. गोळीने दुखणे थांबते, कीड थांबत नाही. पंधरा दिवसांनी गाल सुजला. मग आसनगावहून गाडी पकडून आम्ही कल्याणला एका दंतवैद्याकडे गेलो. त्या गृहस्थांचे नाव मी सांगणार नाही. त्याची आवश्यकताही नाही, कारण चूक एकट्या त्यांची नव्हती.

त्यांनी दाढ तपासली आणि म्हणाले, "रूट कॅनाल करावे लागेल. साडेतीन हजारांत काम होईल." मी मनात हिशेब केला. चार हजार रुपये खिशात होते. मी "ठीक आहे" म्हणालो. हे "ठीक आहे" मला पुढे फार महाग पडले, कारण साडेतीन हजारांत नेमके कोणते काम होईल हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

तीन वेळा आम्ही कल्याणला गेलो. तिसऱ्या वेळी काम संपत आले होते, फक्त वरची टोपी, म्हणजे कॅप, कायमची बसविणे बाकी होते. तेव्हा माझ्या हाती कागद आला. तो मी आजही जपून ठेवला आहे. त्यात लिहिले होते : रूट कॅनाल ३,५०० रुपये, एक्स-रे चार, प्रत्येकी ३०० प्रमाणे १,२०० रुपये, दाढ भरून बांधणे १,२०० रुपये, कॅप ४,००० रुपये, औषधे व इतर ५०० रुपये. एकूण १०,४०० रुपये.

साडेतीन हजारांचे दहा हजार चारशे! माझ्या खिशात चार हजार होते. घरी कपाटात सहा हजार होते, पण ते मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी बाजूला काढलेले होते. माझा तोल गेला. मी मोठ्याने बोललो. "ही लूट आहे" असे म्हणालो. बाकड्यावर बसलेले रुग्ण उठून उभे राहिले. दंतवैद्यही तापले. म्हणाले, "परवडत नसेल तर येऊ नका." चार हजार टेबलावर आपटून आणि पत्नीला हाताला धरून मी बाहेर पडलो. तिच्या दाढेवर तात्पुरती टोपी होती. ती एका हाताने गाल धरून चालत होती आणि मी रस्ताभर बडबडत होतो.

मुलगी बरोबर होती. गाडीत बसल्यावर ती शांतपणे म्हणाली, "अब्बा, साडेतीन हजारांत कॅप धरली आहे का, हे आपण विचारले होते का?" मी तिच्यावर खेकसलो. पण ठाकुर्ली गेले, टिटवाळा गेले, आणि तिचा प्रश्न काही जाईना.

नाही, माझे चुकले. आपण चाणाक्ष श्रोते आहात. कल्याणहून आसनगावकडे येताना ठाकुर्ली लागत नाही, ते मुंबईच्या बाजूला आहे. त्या दिवशीही रागाच्या भरात मी असाच उलट्या गाडीत चढलो होतो आणि मुलीने ठाकुर्लीला उतरवून आम्हाला परत आणले. रागावलेला माणूस स्वतःच्या गावाची गाडीदेखील ओळखत नाही, तो बिल काय ओळखणार?

मित्रहो, अशा प्रसंगी आपल्या लोकांपुढे सहसा दोनच वाटा असतात. पहिली वाट म्हणजे मुकाट्याने पैसे भरणे. "डॉक्टर शिकलेले आहेत, आपण काय बोलणार?" असे म्हणून मुलीच्या फीचे पैसे काढून देणे. दुसरी वाट म्हणजे भांडण करून निघून जाणे आणि पुन्हा त्या दारात पाऊल न ठेवणे. पहिल्या वाटेने घराचे नुकसान होते. दुसऱ्या वाटेने दाढेचे. रूट कॅनाल केलेली दाढ टोपीवाचून तशीच ठेवली तर ती ठिसूळ होऊन एखाद्या दिवशी घास चावताना फुटते. मग ती काढावी लागते आणि दिलेले सारे पैसे पाण्यात जातात. याहून वाईट म्हणजे बिलाच्या धास्तीने पुढच्या वेळी माणूस जातच नाही. दाताचा पू जबड्यात उतरला तर तो जिवावर बेतू शकतो, ही गोष्ट कोणीही हसण्यावारी नेऊ नये.

तिसरी वाट आहे. ती कागदाची वाट आहे. ती मला माझ्या मुलीने दाखविली.

दुसऱ्या दिवशी तिने वहीचे पान घेतले, मधोमध रेघ ओढली आणि बिलातील प्रत्येक कलम एकेका ओळीवर लिहिले. समोर लिहिले : हे काय आहे? हे झाले का? हे आधी सांगितले होते का? एवढे तीनच प्रश्न. मी तीस वर्षे मुलांना उदाहरण सोडविताना "दिलेले" आणि "काढावयाचे" असे दोन भाग करावयास शिकविले. तेच तिने केले. माझ्याच वर्गात शिकली होती.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी आम्ही मुंबईला शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. आसनगावहून लोकलने मुंबईच्या शेवटच्या स्थानकावर उतरले की ते जवळ आहे. तेथे शिकाऊ डॉक्टर त्यांच्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तपासतात. गर्दी असते, वेळ लागतो, पण खर्च फार थोडा येतो. एका तरुण डॉक्टर मुलीने आमचे एक्स-रे उजेडासमोर धरून समजावून सांगितले. समोरच्या दाताला बहुधा एकच नळी असते. खालच्या दाढेला साधारणपणे तीन असतात, कधी चारही निघतात. प्रत्येक नळी साफ करून, तिची लांबी मोजून ती भरावी लागते. त्यासाठी एक्स-रे एकदा सुरुवातीला, एकदा लांबी मोजताना आणि एकदा भरून झाल्यावर काढतात. नळ्या भरल्या म्हणजे दाढ भरली असे होत नाही. वरचा पोकळ भाग निराळा बांधून काढावा लागतो. आणि दाढेवर चावण्याचा भार मोठा असल्याने तिला टोपी हवीच. शेवटी ती म्हणाली, "काम चांगले झाले आहे."

हे ऐकून मला आनंद व्हावयास हवा होता. मला लाज वाटली. ज्या "दाढ भरून बांधणे" या १,२०० रुपयांवर मी सर्वात मोठ्याने ओरडलो होतो, ती रक्कम अगदी रास्त होती.

पण वहीच्या पानावर इतर ओळीही होत्या. चौथा एक्स-रे कशाचा? एक छायाचित्र अस्पष्ट आले म्हणून पुन्हा काढले होते. त्याचे पैसे रुग्णाने का द्यावेत? "औषधे व इतर" ५०० रुपये कशाचे? औषधे आम्ही बाहेरच्या दुकानातून घेतली होती आणि त्याची पावती आमच्याजवळ होती. आणि कॅप? कॅप आवश्यक होती हे खरे, पण ती धातूचीही होते, सिरॅमिकचीही होते, आणि त्यांच्या किमतीत मोठा फरक असतो. आम्हाला न विचारता महाग टोपी तयार करून घेतली होती.

मग आम्ही पत्र लिहिले. त्यात एकही कठोर शब्द नव्हता. त्याचा नमुना येथे देतो, कारण मेळाव्यानंतर कित्येकांनी तो मागितला :

"माननीय डॉक्टरसाहेब यांस, सप्रेम नमस्कार. माझ्या पत्नीच्या खालच्या दाढेवर आपण अमुक तीन तारखांना उपचार केले. प्रारंभी आपण ३,५०० रुपये खर्च सांगितला होता. अखेरचे बिल १०,४०० रुपयांचे आले. त्यापैकी ४,००० रुपये मी दिले आहेत, कृपया त्याची पावती द्यावी. पुढील कलमांचा खुलासा व्हावा : (१) चौथा एक्स-रे, (२) औषधे व इतर, (३) कॅपचा प्रकार आणि तो आम्हाला न विचारता निवडण्याचे कारण. रास्त रक्कम देण्याची माझी तयारी आहे. उपचार अपुरे राहू नयेत अशी विनंती आहे. पंधरा दिवसांत उत्तर मिळावे. त्या दिवशी माझ्याकडून आवाज चढला, त्याबद्दल दिलगीर आहे. आपला."

पत्र पोचपावतीसह रजिस्टर टपालाने पाठविले. प्रत आपल्याजवळ ठेवली. आठव्या दिवशी स्वतः दंतवैद्यांचा फोन आला. आवाज निराळाच होता. म्हणाले, "या, बसून बोलू." आम्ही गेलो. त्यांनी चौथ्या एक्स-रेचे ३०० वजा केले. औषधांचे ५०० वजा केले, ते चुकून दुसऱ्याच्या कागदावरून आले असावेत असे म्हणाले. कॅपवर १,००० रुपये सोडले आणि टोपीचा प्रकार आधी विचारावयास हवा होता हे मान्य केले. एकूण १,८०० रुपये कमी झाले, म्हणजे बिल ८,६०० रुपयांवर आले. चार हजार दिलेले होते. राहिलेले ४,६०० दोन समान हप्त्यांत, म्हणजे २,३०० प्रमाणे, देण्याचे ठरले. त्याच दिवशी दाढेवर टोपी बसली. ती आजही जागेवर आहे. मुलीच्या प्रवेशाचे पैसे कपाटातून निघाले ते तिच्या फीसाठीच निघाले.

आपण म्हणाल, एवढ्या खटाटोपाने अठराशे रुपयेच वाचले? होय, अठराशेच. परंतु दाढ वाचली, फी वाचली आणि डॉक्टरही वाचले. पुढे माझ्या ओळखीची दोन कुटुंबे त्यांच्याकडे गेली, तेव्हा त्यांना खर्चाचा अंदाज छापील कागदावर मिळाला.

आता या गोष्टीत कायदा कोठे बसतो तेही थोडक्यात सांगतो. आपल्या देशात ग्राहकाला स्वतःचा असा कायदा मिळाला तो १९८६ साली. त्या कायद्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्रातील चळवळ त्याहून जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम १९७४ साली पुण्यात सुरू केले आणि मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली उभी राहिली. म्हणजे कायदा आला तो लोक आधी जागे झाले म्हणून.

परंतु डॉक्टर या कायद्यात येतात की नाही, यावर अनेक वर्षे वाद चालला. डॉक्टरांची संघटना म्हणत होती की वैद्यकी हा पेशा आहे, दुकान नव्हे. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात निकाल दिला की मोबदला घेऊन केलेला उपचार ही सेवा आहे आणि रुग्ण ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ते दवाखाने मात्र यात येत नाहीत. पुढे २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात आरोग्यसेवेचा शब्द नाही म्हणून डॉक्टर सुटले, असा दावा मुंबई उच्च न्यायालयात करण्यात आला. न्यायालयाने तो २०२१ साली फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ साली तोच निर्णय कायम ठेवला.

न विचारता केलेल्या कामाविषयीही एक महत्त्वाचा निकाल आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हे दिल्लीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकालात काढले. रुग्ण तपासणीसाठी गेली होती. ती गुंगीत असताना तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया करण्यात आली. न्यायालय म्हणाले की रुग्ण सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नव्हता, तेव्हा तिची स्वतःचीच संमती हवी होती. त्या शस्त्रक्रियेची फी डॉक्टरांना नाकारण्यात आली आणि वर २५,००० रुपये भरपाई देण्यास सांगण्यात आले. यावरून कोणी असे समजू नये की आधी न सांगितलेले प्रत्येक काम फुकट होते. तातडीच्या प्रसंगी डॉक्टरांना हात चालवावाच लागतो. पण जेथे थांबून विचारण्यास वेळ आहे तेथे विचारणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, एवढे यातून निश्चित होते.

बिल आणि पावती मागणे हा आपला हक्क आहे. २०१९ च्या कायद्याने बिल किंवा पावती न देणे हा अनुचित व्यापारी प्रथेचा प्रकार ठरविला आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या आणि २०१८ साली पुढे आलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही दर आधी समजण्याचा, आपले कागद मिळण्याचा आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क सांगितला आहे.

समजा पत्राला उत्तर आले नाही, तर पुढे काय? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे तक्रार नोंदवून घेतात आणि समेटाचा प्रयत्न करतात. त्यानेही भागले नाही तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. दवाखाना कल्याणला असो की मुंबईला, तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते, ही नव्या कायद्याने दिलेली मोठी सोय आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार केली पाहिजे. दंतवैद्याच्या वर्तनाविषयी तक्रार असेल तर त्यांची नोंदणी करणारी राज्य दंत परिषद आहे. ती शिस्तीची कारवाई करू शकते, पण आपले पैसे परत मिळवून देणे हे तिचे काम नव्हे. हा फरक ध्यानात ठेवावा, म्हणजे चुकीच्या दारात चपला झिजणार नाहीत.

एक इशारा देणे भाग आहे. दवाखान्यात आवाज चढविणे, दहा माणसे घेऊन जाणे, टेबल उलथविणे, असे कोणी करू नये. महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्तीवर हिंसा केल्यास तो अजामीनपात्र गुन्हा होतो. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि मोडतोडीची दुप्पट भरपाई द्यावी लागते. अठराशे रुपयांसाठी आपला तरुण मुलगा कोठडीत बसावा, असा हिशेब कोणत्या गणितात बसतो? मी त्या दिवशी फक्त ओरडलो. माझ्या जागी पंचविशीतला कोणी असता तर काय झाले असते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

दाताच्या बिलाचे दुखणे आपल्याकडेच आहे असे समजू नका. इंग्लंडमध्ये १९४८ साली सरकारने सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. तीनच वर्षांत कवळ्या आणि चष्मे यांवर पैसे आकारण्याचे ठरले, तेव्हा ती योजना उभी करणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. एका कवळीच्या किमतीवरून मंत्रिमंडळ हलले! पुढे २००६ साली तेथे दातांच्या सरकारी उपचारांचे दर तीन ठराविक टप्प्यांत बांधण्यात आले, म्हणजे रुग्णाला खुर्चीवर बसण्यापूर्वीच आपला टप्पा कळावा. आपल्याकडे खासगी दवाखान्यांत असे बांधलेले दर नाहीत. म्हणूनच विचारण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक येते.

तेव्हा पालकहो, दवाखान्याच्या खुर्चीवर बसण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न मी क्रमाने सांगतो. एक, हे काम कोणते आणि ते न केल्यास काय होईल? दुसरा, सांगितलेल्या रकमेत काय काय धरले आहे? एक्स-रे, भरणे, कॅप, औषधे, पुढच्या खेपा, यांपैकी काय आत आणि काय बाहेर? तिसरा, याहून कमी खर्चाचा पर्याय आहे काय, आणि त्यात काय गमवावे लागेल? चौथा, किती वेळा यावे लागेल? मुरबाडला रेल्वे नाही. टोकावड्याहून किंवा किन्हवलीहून येणाऱ्या माणसाची प्रत्येक खेप म्हणजे गाडीभाडे आणि बुडालेला रोज. हा खर्च बिलावर लिहिलेला नसतो, पण तो बिलाचाच भाग आहे. पाचवा, काम वाढले तर आधी विचाराल ना? आणि सहावा प्रश्न नव्हे, विनंती : "डॉक्टरसाहेब, एवढे या कागदावर लिहून द्या." चांगला डॉक्टर या विनंतीने रागावत नाही. उलट त्याचेही ओझे हलके होते.

"लिहून द्या" म्हणण्याचा आपल्याला संकोच वाटतो. समोरच्यावर अविश्वास दाखविल्यासारखे वाटते. त्या संकोचावर आपल्याच घरात उत्तर आहे. कुरआन शरीफमधील सर्वात लांब आयत कशाविषयी आहे, हे विद्यार्थ्यांना माहीत आहे काय? ती सूरह बकरमध्ये आहे आणि ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, साक्षीदार ठेवा, असा तिचा आशय आहे. ती आयत आपण तोंडपाठ म्हणतो आणि किराण्याचे, बांधकामाचे, दवाखान्याचे व्यवहार मात्र तोंडी करतो. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. दोघांमधील विश्वास टिकावा म्हणूनच लिहावयाचे असते.

डॉक्टरांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्यांची खुर्ची, यंत्रे, जागेचे भाडे, टोपी बनविणाऱ्या प्रयोगशाळेचे पैसे, हे सारे त्यांना द्यावे लागते. रुग्ण उधारी ठेवून नाहीसे होतात, हेही खोटे नाही. माझे दंतवैद्य मला नंतर म्हणाले, "मास्तर, खरा आकडा आधी सांगितला की माणसे निघून जातात, म्हणून आम्ही पहिला आकडाच सांगतो." मी त्यांना म्हणालो, "आणि पहिलाच आकडा ऐकून आम्ही खुर्चीवर बसतो, हेही आमचे चुकतेच." त्या दिवशी आम्ही दोघे प्रथमच हसलो.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी. घरात वाचता-लिहिता येणारे पहिले माणूस कित्येकदा तुम्हीच असता. आई-वडील, दादी, नाना दवाखान्यात जातात तेव्हा तुम्ही बरोबर जा. वही न्या. तारीख, काम, सांगितलेली रक्कम, दिलेली रक्कम, चार रकाने पुरेत. एक्स-रे आणि पावत्या एका पिशवीत ठेवा. बापाचा आवाज चढला तर त्याच्या बाहीला हलकेच ओढा. परीक्षेत या गोष्टींना गुण नाहीत, पण शिकलेल्या मुलामुलींकडून घराची हीच पहिली अपेक्षा असते.

शेवटी सर्वात स्वस्त बिलाविषयी. दाताला लागलेली लहान कीड वेळीच भरली तर खर्च थोडा येतो. तीच कीड आतल्या नसेपर्यंत गेली की रूट कॅनाल आणि टोपी येते. माझ्या पत्नीच्या दाढेत काळा ठिपका दोन वर्षे दिसत होता. आम्ही तो पाहिला आणि "दुखत नाही ना" म्हणून सोडून दिला. ते १०,४०० रुपयांचे बिल खरे तर त्या दिवशीच लिहिले गेले होते. रात्री झोपताना दात घासणे, मुलांच्या हाती येताजाता चॉकलेट न देणे आणि मिश्री व तंबाखू यांपासून दूर राहणे, याला पैसे पडत नाहीत. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय आपल्या जवळ आहेत. तेथे दात कोणत्या दिवशी तपासतात, कोणत्या कामाची सोय आहे, हे आधी विचारून घ्या. दुखण्याची वाट पाहू नका.

त्या वहीचे पान मी चौकटीत बसवून भिंतीवर लावलेले नाही. ते कपाटात, मुलीच्या प्रवेशाच्या पावतीबरोबर ठेवले आहे. दोन्ही कागद एकाच महिन्याचे आहेत. एक नसता तर दुसरा मिळाला नसता.